पंचवीस लेखकांची गोगलगाय

संस्थेत अचूक वजनकाटा एकच होता आणि तो तराजूसरांच्या खोलीत होता. ज्याची वस्तू वापरली त्याचं नाव शोधनिबंधावर घालायचं, हा तिथला दंडक. त्यामुळे हाडं, सिमेंट, बेडकाचं काळीज, उल्कांची धूळ, तान्ह्या बाळांचे ढेकर अशा नाना विषयांवरच्या तीनशे बारा निबंधांवर सरांचं नाव होतं. बाहेरची माणसं त्यांना सर्वज्ञ समजत. सरांना मात्र बेडकाचं काळीज कुठल्या बाजूला असतं, हेही ठाऊक नव्हतं.

“बाबा, यातलं तुमचं कोणतं?” लेकीनं एकदा विचारलं आणि सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी त्यांनी डबाभर गोगलगायी आणल्या. चार वर्षं रोज दोनदा त्यांचं वजन केलं. झोपलेली गोगलगाय जागीपेक्षा किंचित हलकी भरते, असा शोध लागला. त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता, पण तो सरांचा स्वतःचा होता. निबंध छपाईला दिला तेव्हा त्यावर एकच नाव होतं.

निबंध कार्यालयात पोचला मात्र आणि सगळी संस्था खडबडून जागी झाली. हाडांच्या तज्ज्ञाचं टेबल वापरलं होतं. सिमेंटवाल्याची खुर्ची. बेडूकबाईंनी गोगलगायींना पाला दिला होता. संचालकांचं तर छप्परच होतं. ज्येष्ठतेनुसार नावं लागली. सर सव्विसावे आले, आणि छपाईच्या अर्जात नावांचे रकाने होते पंचवीस.

“अहो सर, तुमची तीनशे बारा आहेत की!” कारकून म्हणाला. “एक नसलं तर काय आभाळ कोसळणार आहे?”

सरांना त्याची मानगूट धरावीशी वाटली. प्रत्यक्षात ते नुसतं “बरं” म्हणाले.

महिन्याभरानं मासिकानं निबंध तपासायला पाठवला. तपासणारा सगळे विषय जाणणारा हवा आणि लेखकांपैकी नको. असा माणूस एकच सापडला, तराजूसर. त्यांनी निबंध मन लावून वाचला आणि खाली शेरा मारला, ‘काम उत्तम. जाग आल्यावर वजन परत कुठून येतं, ते लेखकांनी सांगावं.’ उत्तर त्यांच्या वहीत होतं, निबंधात घालायचं तेवढं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचवीस लेखक त्यांच्या दारात.

“गोगलगाय नि पोटात पाय!” संचालक कडाडले. “उत्तर सांगा बघू मुकाट्यानं.”

“सांगतो. एक नाव काढा आणि माझं घाला.”

“कुणाचं काढू?”

“ते तुम्ही ठरवा.”

सभा दिवसभर चालली. टेबल मोठं की खुर्ची, यावरून हाडांचा तज्ज्ञ आणि सिमेंटवाला हातघाईवर आले. सर खोलीत बसून आवाज ऐकत होते. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी संचालक हसत आले. “एकमतानं तोडगा निघाला! नावं सगळी राहतील. निबंधातून गोगलगाय काढायची.”

सरांना क्षणभर रडावं की हसावं कळेना.

“मग गोगलगायी?” त्यांनी विचारलं.

“न्या की घरी. आमचा त्यांच्याशी काय संबंध?”

‘गोगलगायींशी आमचा काही संबंध नाही,’ एवढंच वाक्य सरांनी लिहून मागितलं. पंचवीसही जणांनी खुशीत सह्या ठोकल्या, बेडूकबाईंनी तर तारीखही घातली. सरांनी तो कागद आपल्या वहीला टाचला, कोरा अर्ज काढला आणि पहिला रकाना भरला.