तांडेलाचा फडका

शिरगावच्या दामू तांडेलाचं पोट असं फुगलं होतं, की चादरीखाली कुणी कलिंगड लपवलंय असं वाटावं. पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंड सुजलं होतं, आतडी रुसून बसली होती आणि पोटात पाणी साठलं होतं. "दारूनं नाय ना झालं?" असं विचारून त्याच्या आईनं, रंभाबाईनं, डॉक्टरांच्या तोंडून तीनदा "नाही" वदवून घेतलं आणि तेवढं सांगायला लगोलग गावी जाऊन आली. खड्याचं कळल्यावर तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा बोईसरच्या एका दवाखान्यात, काचेच्या दारामागं, श्वासाच्या मशीनला जोडून पडला होता.

साल त्र्याण्णव की चौऱ्याण्णव. मशीन फुस्स करायचं, दामूची छाती वर यायची. मशीन थांबायचं, छाती खाली जायची. दामूची बायको शकू पहिल्या दिवशी त्या मशीनवरच डाफरली होती, "हळू की जरा! बैल हाय का तो?"

राऊत डॉक्टर भला माणूस. त्यांनी तिला स्टुलावर बसवून समजावलं. पोट असं तट्ट झालं, की ते खालून छातीला रेटतं आणि मशीनला हवा आत घालता येत नाही. मूत्रपिंडंही दाबली जातात, लघवी आटते. म्हणून पोटातला दाब मोजायचा. लघवीच्या नळीतून थोडं सलाईन आत सोडायचं आणि नळीचा एक फाटा उभा धरायचा. पोट जेवढं दाबेल तेवढं पाणी त्या फाट्यात चढणार. मोजायला शेजारी दोन लाकडी फूटपट्ट्या चिकटपट्टीनं जोडून उभ्या केल्या होत्या.

"पाणी तीस सेंटीमीटरच्या वर राहिलं आणि लघवी बंद झाली, तर पोट उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि काही दिवस उघडंच ठेवावं लागेल."

"उघडं?" शकूचे डोळेच विस्फारले. "डॉक्टर, आमी रोज इतकी पोटं उघडतो. त्यातला एक तरी परत पोहलाय का?"

तिनं जन्मभर घोळ आणि सुरमई साफ केलेली.

तेव्हापासून शकूचं सगळं लक्ष त्या नळीतल्या पाण्यावर. सकाळी तेवीस. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही तो आकडा तोंडपाठ. सालवडच्या चाळीतला एक कामगार भावासाठी तिथं बसून असायचा. शकू बाहेर आली, की आधी स्वतःच्या भावाचं सोडून तो विचारायचा, "भाभी, आज पानी कितना?"

सकाळी तेवीस, दुपारी चोवीस. आणि संध्याकाळी भेटायच्या वेळेत बत्तीस! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर चक्रावले. त्यांनी मशीन तपासलं, विजेचा दाब तपासला. शेवटी मोजणाऱ्या प्रेमला सिस्टरकडं संशयानं पाहिलं. सिस्टर केळव्याच्या बागायती वाडीवाल्यांच्या घरातल्या, एकवीस वर्षं नोकरी झालेल्या. पेशंटची लाज राखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भेटायला माणसं आली, की दामूच्या छातीपासून मांडीपर्यंत चादर अशी बसवायच्या, की वाऱ्याचीही हिंमत होऊ नये. नळीपुरती कडा उचलायची, आकडा घ्यायचा, कडा सोडायची.

त्या चादरीखाली काय होतं हे दोनच बायांना ठाऊक होतं.

शिरगावचे खलाशी जाळं ओढायला लागले, की कमरेला सुती फडका करकचून आवळतात. मोकळ्या कमरेनं ओढलं तर पोट सरकतं, असं सगळे मानतात. लग्न झाल्यापासून दामूचा फडका शकूच आवळायची, त्याच्या पाठीला गुडघा लावून. दामू ओरडायचा, "अगं, मारतेस का काय!" आणि मग समाधानानं होडीकडं चालू पडायचा.

पहिल्याच संध्याकाळी रंभाबाई म्हणाली, "शके, पोर मोकळ्या कमरेनं पडलाय. एवढा श्वास वढायचा, ताकद कुठून येनार?"

शकूला ते पटलं. हे काय कमी ओढणं होतं? म्हातारीनं दारात उभं राहून सिस्टरकडं आपल्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं मांडायचं, तेवढ्यात शकूनं फडका पाठीखालून सरकवायचा आणि आवळायचा. घंटा झाली, की सोडून ओटीत दडवायचा.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सांगून टाकलं, "लघवीही कमी व्हायला लागलीय. आज संध्याकाळी आकडा तीसच्या वर गेला, तर मी थांबणार नाही. उघडतो."

झालं! आज तर दामूला जास्त ताकद हवी. शकूनं देवीचं नाव घेतलं आणि फडका असा आवळला, की तिच्याच बांगड्या वाजल्या.

सिस्टर आल्या, कडा उचलली, सलाईन सोडलं. छत्तीस! सिस्टरचा चेहरा पडला. "नळीला हात लावू नका हं, शकूबाई," एवढं म्हणून त्या डॉक्टरांना बोलवायला धावल्या. मागोमाग म्हातारी गुडघे विसरून धावली.

शकू एकटी राहिली. नळीतलं पाणी मशीनच्या तालावर जरा वर, जरा खाली होत होतं. "दामू, आता हरायचं नाय," ती पुटपुटली आणि गाठीला आणखी एक हिसका दिला.

पाणी चढलं.

शकू थबकली. खाडीच्या काठावर जन्म गेला होता तिचा. पाणी उगाच चढत नाही हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं गाठ सैल केली. पाणी उतरलं. आवळली, चढलं. सोडली, उतरलं, आणि उतरून चोवीसपाशी गुमान उभं राहिलं.

"आय गं," शकू म्हणाली. चार दिवस मशीन ज्याला श्वास देत होतं, त्याचं पोट ती स्वतः आवळत होती. पावलं वाजली. तिनं फडका ओढून ओटीत कोंबला.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "चोवीस आहे, सिस्टर."

"सर, छत्तीस होता! देवाशपथ!"

"दोन मिनिटांत बारा कमी? एकवीस वर्षं तुम्ही मोजता तरी काय?"

सिस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शकूनं मान खाली घातली. गप्प राहिलं तर सुटलो, तिच्या मनात आलं. फडका ओटीत, पाणी चोवीसवर, कुणाला काय कळतंय?

पण डॉक्टर कपाळ पुसत पुढं म्हणाले, "आता मी कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू? लघवी कमी होतेय हे तर खरं आहे. धोका नको. टेबल तयार करा, उघडू या."

शकू उठली, ओटीतून तो आठ हात फडका ओढत ओढत बाहेर काढला आणि डॉक्टरांपुढं धरला. "उघडायचं तर मला उघडा," ती म्हणाली. "सिस्टरबाय बरोबर मोजतात. चुकी माझी."

तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांचा विश्वास बसेना, म्हणून तिनं चादरीवरूनच दामूच्या पोटाला वेढा घातला आणि अगदी एकदाच आवळून दाखवलं. पाणी सरसर चढलं. डॉक्टर ओरडले, "सोडा, सोडा!" पाणी उतरलं. डॉक्टर खुर्चीत बसले आणि खांदे हलेपर्यंत हसले.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी फडक्याची घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. "आणि तुम्ही आजी," त्या दाराकडं वळून म्हणाल्या, "तुमचे गुडघे काही दुखत नाहीत."

"कदी कदी दुखतात," रंभाबाई म्हणाली.

पोट उघडलं नाही. नाकातून घातलेल्या नळीनं आतला गाळ उपसला, सुईनं पोटातलं पाणी काढलं, झोपेचं औषध वाढवून पोट सैल ठेवलं. दुसऱ्या दिवशी लघवीची पिशवी भरायला लागली. तिसऱ्या दिवशी, इतके दिवस रुसलेल्या आतड्यांनी चादरीखालून असा काही आवाज काढला, की प्रेमला सिस्टरनी, पेशंटची लाज राखणाऱ्या सिस्टरनी, स्वतः दार उघडून बाहेर सांगितलं, "सुटला! वारा सुटला!" सालवडच्या कामगारानं बाकावरच टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी पाणी चौदा.

नवव्या दिवशी मशीन सुटलं. दामूचा घसा खरवडलेला, अंगात काडीची ताकद नाही. शकू वाकली. आपलंच नाव ऐकायला मिळेल अशी तिची फार आशा.

"फडका," दामू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कमर मोकळी लागते."

सगळे शकूकडं बघायला लागले. शकू भिंतीकडं.

सिस्टरनी ड्रॉवरची किल्ली काढली. फडका धुतलेला होता, इस्त्रीही केलेली. त्यांनी तो शकूच्या हातात दिला, पण दुसरं टोक स्वतःच्या मुठीत धरून ठेवलं.

"डोक्याला," त्या म्हणाल्या. "डोक्यालाच बांधायचा. आणि मी बघत असताना."

शकूनं बांधला. अगदी सैल.

"अगं, जेवलीस नाय का?" दामू म्हणाला. "हातात जोरच नाय तुज्या."