प्रसादाचा तळहात शरणागतीत धरू नये याबाबत

विषय : खेळात घडलेली शरणागती रद्द होण्याबाबत.
संदर्भ : यंदाच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेस) पारोळा येथे झालेला सारिका विरुद्ध झुंबरबाई हा सामना.

उपरोक्त विषयी सादर करतो की, मी सारिकाचा डावा हात बोलतोय.

जन्मलो तेव्हा थोरला मीच होतो. खुळखुळा मी धरला, भिंतीवर पहिली रेघोटी मी ओढली. पुढे घरात शोध लागला की मी डावा आहे. सारिकाच्या वडिलांची बहीण झुंबरबाई, जिला घरात सगळे फुई म्हणतात, तिने मला ओढणीने कमरेला बांधलं आणि पेन्सिल उजव्याला दिली. रागाने नव्हे, काळजीने. काळजीने बांधलेली गाठ सुटायला फार वेळ लागतो, हा माझा अनुभव.

तेव्हापासून माझी नेमणूक खालच्या कामांवर झाली. बादली धरायची, दार ओढायचं. देवाघरी आणि मोठ्यांपुढे मला एकच काम: प्रसाद घेताना उजव्याच्या खाली जाऊन उघडं राहायचं. हे वळण इतकं पक्कं बसलं की त्यासाठी सारिकाला मला सांगावंही लागत नाही.

लग्न होऊन सारिका धुळ्याला गेली. तिची मुलगी भूमिका आता पाच वर्षांची आहे आणि पेन्सिल डाव्या हातात धरते. तो इवलासा हात पाहिला की मला उगाचच अंगठा ताठ झाल्यासारखं वाटतं.

यंदा आखाजीला मायलेकी माहेरी पारोळ्याला आल्या. फुईही आली. तिने भूमिकाला चित्र काढताना पाहिलं आणि जागेवरच निकाल दिला.

"पोर डावखुरी शे. जूनमा शाळा. त्याना पहिले वळण लाव, नही तं लोके तुलेच नावे ठेवतीन."

आखाजीला आमच्याकडे पत्त्यांचे डाव बसतात. पण सारिकाचा भाऊ नवीन याने जळगावहून मंत्रयुद्ध नावाचा नवा खेळ आणला होता. त्याला पत्ते लागत नाहीत, फक्त हात लागतात. दोघे जादूगार समोरासमोर बसतात आणि पंचाने तीन म्हटलं की एका किंवा दोन्ही हातांनी एकेक खूण दाखवतात. एकाच हाताच्या खुणा ओळीने जुळल्या की मंत्र होतो. मूठ, रोखलेलं बोट, चुटकी म्हणजे अग्निबाण; तो लागला की समोरच्याचा एक प्राण जातो. मूठ, बोट, लाट म्हणजे बंधन. समोरच्याचा उजवा हात पुढच्या फेरीला बाद. एक तळहात उघडला तर ढाल. दोन्ही उघडले तर शरणागती.

"फुई, मी जिकनू तं भूमिकाना हातले कोनी काही म्हनानं नही," सारिका म्हणाली.

"आनि मी जिकनू तं उद्यापासून वळण," फुईने पदर खोचला.

बिचारी भूमिका शेजारी बसून डाव्या हाताने कैरी खात होती.

फुई कच्ची नव्हती. आयुष्यभर पत्ते खेळलेली बाई. उजव्या हाताने वेळेवर ढाल धरायची आणि संधी मिळाली की त्याच हाताने बाण सोडायची. डावा हात तिने पदराखालून काढलाच नाही. आखाजीच्या दिवशी तो पुढे कशाला करायचा! होता होता दोघींचा एकेकच प्राण उरला.

तेव्हा सारिकाने शेवटची चाल रचली. उजव्याने ठसक्यात मूठ दाखवली, मग बोट. इथपर्यंत बाण की बंधन, हे कुणालाच कळत नाही. खेळाची खुबी तीच. मी एक फेरी मागे राहून तेच करत होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. डाव्याकडे कोण पाहतं? दुर्लक्षाचा असा उपयोग मला प्रथमच होत होता.

बाण येणार म्हणून फुईने ढाल उघडली. उजव्याने लाट दाखवली: बंधन. त्याला ढाल अडवत नाही. फुईचा उजवा हात बाद झाला. आता माझी एक चुटकी बाकी होती. ती थोपवायची तर फुईला डावा तळहात पुढे करावा लागणार होता. पदराखाली काहीतरी चुळबुळलं.

"एक... दोन..." पंच झालेला नवीन मोजत होता.

"परसाद ल्या वं दोन्हीजनी," सारिकाची आई सुमनबाई नैवेद्याचं ताट घेऊन मधे उभी राहिली. "मंग खेळा."

"तीन!"

आणि चारही तळहात उघडले. मी उजव्याच्या खाली होतो. फुईचा डावाही तसाच. सुमनबाईने वाटण्याचं काम शांतपणे केलं.

नवीन म्हणाला, दोघी शरण.

"मना उजवा हात तं बाद व्हता," फुई उसळली. "एकच धरा. मनी ढाल व्हयनी. शरण तर हाई गई!"

भूमिकाने खाणं थांबवून आईकडे पाहिलं.

"बरं फुई," सारिका हळूच म्हणाली, "मंग परसाद तू नुस्ता डावा हातवर लिधा, असं लिखू का?"

सुमनबाईने तोंडाला पदर लावला. फुईने आधी ताटाकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे, जणू तो नुकताच पाहुणा आला आहे.

"काय धरानं ते नियम पाहीसन सांगस," नवीन म्हणाला आणि मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला.

माझी विनंती एवढीच की, प्रसादाला उघडलेला तळहात शरणागती समजू नये. मी हरलो म्हणून उघडलो नाही. मला तेवढंच शिकवलं होतं. ती फेरी पुन्हा घ्यावी. माझी चुटकी तयार आहे.

शाळा सुरू झाली आहे. नवीनने निकाल दिलेला नाही. विचारलं की जळगावला काम फार आहे म्हणतो. फुईचा धुळ्याला दर रविवारी फोन येतो. ती भूमिकाच्या जेवणाची, अभ्यासाची चौकशी करते, हाताची करत नाही. निकाल लागेपर्यंत आहे तसंच चालू ठेवायचं ठरलं आहे, आणि त्याप्रमाणे भूमिका डाव्या हाताने लिहीत आहे. अर्ज प्रलंबित आहे.