सोमवारचा फोन

लेथवर तीस वर्षं काढलेल्या टर्नरला वर्कशॉपमध्ये सगळे ‘धुराडं’ म्हणत. त्या धुराड्याची सिगारेट सोडवली सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती केंद्राने, तीही फुकट. तिथे त्याचं नाव बायकोने घातलं होतं. मशीनच्या आवाजात ह्याला फोन ऐकू येत नाही, म्हणून फॉर्मवर नंबरही तिने स्वतःचाच दिला. दर सोमवारी केंद्रातल्या सिस्टर फोन करत आणि ती नवऱ्याची खडान्‌खडा चहाडी करी.

मग ती अचानक गेली. घर खायला उठलं. पंधराव्या दिवशी त्याने पाकीट आणलं आणि पुढचे पाच दिवस नुसता ओढत बसला. तिचा इतके दिवस बंद पडलेला फोन त्याने चार्जिंगला लावला आणि सोमवारी तो वाजला.

“काय वहिनी, आमचे साहेब शहाण्यासारखे वागतायत ना?”

“वहिनी गेल्या, सिस्टर. आणि साहेब ओढतायत.”

सिस्टर म्हणाल्या, “उद्या सकाळी या. मी थांबते.”

तो गेला. त्यांनी उपदेश केला नाही, डोळे वटारले नाहीत. यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. श्वासातल्या धुराचा आकडा वाईटच आला. “पुढच्या आठवड्यात ह्याला खाली आणू,” एवढंच म्हणाल्या. आकडा खाली यायला महिना गेला, पण आला.

वर्षभराने केंद्राचा निधी बंद करायचं घाटू लागलं. लोक सोडतात आणि परत ओढतात, मग सरकारने पैसा का घालवायचा, असं निधी मंजूर करणाऱ्या समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं. सिस्टरांनी टर्नरला समितीपुढे बोलायला बोलावलं.

“ते पाच दिवस गाळा, भावोजी,” बरोबर आलेल्या मेहुण्याने बजावलं. “नाहीतर त्यांच्या हातात आयतं कोलीत द्याल.”

गाळायचं ठरवूनच तो माईकपुढे उभा राहिला. पण बायकोचा विषय निघाला आणि पुढचं सगळं तोंडातून निघून गेलं. मेहुण्याने कपाळाला हात लावला.

“म्हणजे परत लागलीच होती!” सदस्य म्हणाले.

“लागली होती, साहेब. सिगारेट सोडायच्या गोळ्या मी विकत आणल्या असत्या. पण ‘उद्या या, मी थांबते’ म्हणणारं माणूस कुठल्या दुकानात मिळालं असतं? परत लागते, म्हणून तर ते केंद्र हवं.”

सदस्यांनी विचारलं, “फोन अजून येतो?”

“येतो. आता माझी चहाडी मलाच करावी लागते.”

सगळे हसले. मतदानाला हात वर झाले, सगळ्यांत शेवटी त्या सदस्यांचाही. निधी चालू राहिला.

बाहेर जिन्यापाशी सिस्टर डोळे पुसत उभ्या होत्या. त्यांच्यापुढे जाऊन तो अवघडला.

“त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहिले, सिस्टर.”

“मग आता माना की!”

त्याने मानले. तिच्याही वतीने मानले.