कामाचा वास

मंगळवारी दुपारी मी दारू प्यायलो, संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांच्या गटात जाऊन बसलो आणि तिथल्या एकाही शहाण्याला काही कळलं नाही. माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! अहो, बारा माणसं. सगळी ढोसण्यात मुरलेली. बायकोला, साहेबाला, डॉक्टरला फसवण्यात प्रत्येकाची निम्मी हयात गेलेली. आणि शेजारी बसलेल्याच्या तोंडाचा भपकारा यांना ओळखू येऊ नये?

कळणार कसं म्हणा. मी फर्निचरला पॉलिश करतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा बुडवायचा आणि दिवसभर लाकडावर हात मारत बसायचं. तो स्पिरिटचा वास कपड्यांना, केसांना, नखांना चिकटतो, कितीही साबण लावा, जात नाही. वीस वर्षं मी त्या वासाच्या आड लपलो. बायको विचारायची, "प्यायलात ना?" मी उलट तिच्यावरच खेकसायचो, "कामाचा वास आहे तो! नाक आहे की काय आहे तुझं?" शेवटी ती आमच्या नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन भावाकडे निघून गेली. बरोबर केलं तिने. मी तिच्या जागी असतो तर कधीच गेलो असतो.

त्यानंतर मी या गटात आलो. दवाखान्यामागे एक खोली आहे, एरवी तिथे लहान मुलांना लस टोचतात. भिंतीवर उंची मोजायचा जिराफ रंगवलाय, त्याच्या पायाशी आम्ही घोंगड्या टाकून बसतो. खिडकीत बुद्धाची वीतभर मूर्ती. आधी पंचशील म्हणायचं, मग अर्धा तास आपला श्वास बघायचा, मग सगळ्यांचं मंगल होवो म्हणायचं. सगळ्यांचं म्हणजे माझ्या मेव्हण्याचंसुद्धा. ते म्हणताना माझे दात कसे शिवशिवायचे ते मलाच माहीत. शेवटी प्रत्येकाने आपले न पिता काढलेले दिवस सांगायचे.

गट सिस्टर चालवतात. रिटायर्ड नर्स, सत्तरीच्या, एके काळी झोपेच्या गोळ्यांवर जगलेल्या. खोटं न बोलण्याचं शील त्यांनी असं धरलंय की कोणी "कशा आहात?" विचारलं तर गुडघ्यापासून सुरुवात करतात. आणि गटात त्यांनी एक रीत घातली आहे. सुरुवातीची घंटा, म्हणजे पितळेची एक मोठी वाटी, ती लाकडी दांडक्याने वाजवायची. वाजवायची कोणी? जो सगळ्यात शेवटी घसरला त्याने. "ही शिक्षा नाही," सिस्टर म्हणतात. "पडलेल्याच्या हातूनच सगळ्यांची सुरुवात व्हायची." आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

पोरीला हे मी फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून ती मामाच्या घरी वाटीवर चमचा मारायची, फोन जवळ धरायची आणि आम्ही दोघं आवाज संपेपर्यंत गप्प. मामी मागून ओरडायची, "वाटीला पोचे पाडलेस बघ!"

मी पहिल्यांदा गटात गेलो तेव्हा आमचा ड्रायव्हर, बस चालवतो तो, नाक मुरडून लांब सरकला. सिस्टरने त्याला तिथल्या तिथे झापलं. "तो म्हणतोय ना कामाचा वास आहे? मग कामाचा वास आहे. पुन्हा कोणी विचारायचं नाही." अख्ख्या आयुष्यात कोणी माझ्या शब्दावर असा विश्वास ठेवला नव्हता. त्या एका वाक्यावर मी एकशे बासष्ट दिवस काढले.

आणि एकशे त्रेसष्टाव्या दिवशी कपाटाची चकाकी बघून खूश झालेल्या गिऱ्हाइकाने बाटली भेट दिली. कारण विचारू नका. कारण नव्हतं. दुकानात बसून अर्धी प्यायलो, उरलेली मोरीत ओतली आणि संध्याकाळी गटात जाऊन ताठ मानेने म्हणालो, "एकशे त्रेसष्ट." ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे बघितलं फक्त. सिस्टर म्हणाल्या, "शाब्बास!"

त्या शाब्बासकीने मला पाच दिवस झोपू दिलं नाही. कारण रविवारी पोरीची आई येणार होती. तिने एकच अट घातली होती. "तुमचं मी ऐकणार नाही. ती बाई खोटं बोलत नाही म्हणतात ना? तिने सांगावं. ती हो म्हणाली तर पोरगी दर शनिवार-रविवार तुमच्याकडे."

रविवारी दोघी आल्या. पोरीच्या पाठीवर दप्तर, त्यात अभ्यासाऐवजी कपडे. तिने दाराशी बूट काढले, जिराफाशी जाऊन स्वतःची उंची बघितली आणि माझ्याकडे बघून हसली. बायको सिस्टरसमोर उभी राहिली. "हे पीत नाहीत ना?"

सिस्टरने घसा साफ केला. "आज याला एकशे अडुसष्ट..."

"थांबा!" मी एवढ्याने ओरडलो की घोंगडीवरची माणसं दचकली. "मंगळवारी प्यायलो मी! पिऊन इथे आलो, तुमच्या मांडीला मांडी लावून बसलो! तुम्हाला कळलं कसं नाही सिस्टर? नाक काय घरी ठेवून आला होतात?"

सिस्टर म्हणाल्या, "मला वास येत नाही रे. नऊ वर्षं झाली. एका तापात गेला तो."

"मग पहिल्या दिवशी कशाच्या जोरावर म्हणालात, कामाचा वास आहे म्हणून?"

"तू म्हणालास म्हणून."

डोकं आपटावं कुठेतरी असं झालं. मी ड्रायव्हरकडे वळलो. "आणि तू? तुझं नाक तर धड आहे!"

"आला होता वास," तो खाली बघत म्हणाला. "पण विचारायचं नाही असं ठरलं होतं ना."

"ठरलं होतं! मेलो असतो मी तुमच्या या चांगुलपणाखाली!" कोणावर चिडलो होतो ते न कळण्याइतका मी मूर्ख नाही.

बायको म्हणाली, "इतकी वर्षं मी तुमचे शर्ट हुंगत बसले. आज पहिल्यांदा न विचारता बोललात." तिने पोरीचा हात धरला. "पण ती आज राहणार नाही. चल गं."

"आई, पण मी कपडे आणलेत."

"चल म्हटलं ना."

पोरगी दाराशी बसून बूट घालू लागली. माझ्याकडे बघेना. सिस्टरने ड्रायव्हरसमोरची घंटा उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. "किती दिवस?"

"पाच."

मी दांडका घेतला आणि सगळा संताप हातात आणून घंटेवर हाणला. खिडकीच्या काचा थरारल्या. सिस्टर म्हणाल्या, "अरे, फोडतोस की काय!"

दारात बायको पोरीचा हात ओढत होती. पोरगी हलेना. एका पायात बूट, दुसरा हातात, डोळे मिटलेले. "आई, थांब," ती म्हणाली. "अजून वाजतेय."

बायको थांबली. दोघी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. आवाज बारीक होत गेला, मग आणखी बारीक, मग उरलाच नाही. पोरीने डोळे उघडले, दुसरा बूट घातला आणि दोघी गेल्या.

अजून जोरात हाणायला हवी होती.