टीव्ही बिघडलाच नव्हता!

केबलवाल्या बुधूची मोटारसायकल दारात थांबली की रामूभाऊंच्या कपाळाला आठी पडायची.

"परत वाढले काय रे?"

"वरूनच वाढलेत, रामूभाऊ. मी काय करनार?"

"आन आमचं कुस्त्यांचं चॅनल कुठं गेलं?"

"ते दुसऱ्या पॅकमधी गेलं. त्याचे वायले पैसे."

"म्हंजे बघतो ते चॅनल कमी झाले, न बघायचे वाढले, आन बिलबी वाढलं? ह्यो कुठला हिशेब?"

बुधू हसून डोकं खाजवायचा. हिशेब त्यालाही कळत नव्हता. वाचकहो, हा संवाद तुमच्याही दारात कधीतरी झालाच असेल!

रामूभाऊ म्हणजे काही ऐरेगैरे नव्हेत. मुरबाडच्या एमआयडीसीत उभा जन्म मशीन चालवून ते निवृत्त झालेले. मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं त्यांचं गाव लहान, पण तिथं त्यांचा शब्द मोठा. कुणाचं राशनकार्ड अडलं, कुणाला पोराचा दाखला काढायचा असला, की लोक म्हणायचे, "रामूभाऊला इचार." आणि रामूभाऊ सांगायचे. कुणाला हसायचे नाहीत, कुणावर खेकसायचे नाहीत. गावाने त्यांना दिलेली ही जागा त्यांना पगारापेक्षा प्यारी होती.

त्यांचा मुलगा ओमकार कल्याणला कुरियर कंपनीत. सुट्टीला घरी आला तेव्हा बापाची केबलवरची कुरकुर त्याच्या कानावर पडली. पुढच्या खेपेस तो जीपच्या टपावर बांधून भला मोठा टीव्हीच घेऊन आला!

"बाबा, ती केबल तोडून टाका आता. सगळं जग ओटीटीवर गेलंय. इंटरनेटची लाइन घेतली की मालिका, कुस्त्या, बातम्या, सगळं त्यात. पाहिजे तेव्हा, पाहिजे ते!"

दोन दिवसांत भिंतीला भोक पडलं, वायर आत आली आणि टीव्ही लखलखला. ओमकारने रिमोट हातात घेतला. त्याचा अंगठा टकाटक चालू लागला.

"हे बघा, इथं दाबायचं. मग आपलं प्रोफाइल. मग खाली, मग उजवीकडे, मग ओके. बस्स! सोपं आहे. समजलं ना?"

रामूभाऊंच्या पत्नी कमळ काहीतरी विचारायला पुढे सरकल्या. तेवढ्यात रामूभाऊ म्हणाले, "समजलं रे, समजलं. याच्यापेक्षा मोठ्या मशीन चालवल्यात मी."

ओमकारला कल्याणची जीप पकडायची होती. तो गेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काठी टेकत सकुमावशी आल्या. ओढ्याच्या अलीकडे वाडीत त्या एकट्या राहत. मुलगा-सून भिवंडीकडे वीटभट्टीवर. दिवसभर शेळ्यांमागे हिंडायचं आणि संध्याकाळी रामूभाऊंच्या ओटीवर बसून मालिका बघायची, हा त्यांचा नेम होता. मालिकेतल्या मंजिरीची सासू तिच्याकडून जमिनीच्या कागदावर सही घेऊ बघत होती, आणि सकुमावशींचा जीव त्या सहीत अडकला होता.

"लाव रे रामू. आज काय ती सही करते बग."

रामूभाऊंनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: 'कोण पाहत आहे?' खाली तीन चेहरे. एक ओमकारचा, एक सुनेचा, निशिगंधाचा, आणि तिसरं लहान मुलांचं कार्टून. रामूभाऊ बघतच राहिले. आपल्याच घरात, आपल्याच भिंतीवर टीव्ही विचारतोय कोण पाहतंय, आणि त्यात आपलं नावच नाही! आपण ओमकार व्हायचं की लहान मूल?

ते ओमकार झाले. पडद्यावर बंदुका आल्या. ते खाली गेले, उजवीकडे गेले, परत आले. कुठल्याशा परक्या भाषेत बाया रडत होत्या. मंजिरीचा पत्ता नव्हता.

"अवो, त्यात बोलायचं पन बटन हाय, ओमकार सांगत व्हता," कमळ म्हणाल्या.

रामूभाऊंनी रिमोट तोंडाशी धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मालिका!"

यंत्राला 'मालिश' ऐकू आलं.

पडद्यावर जे अवतरलं ते बघून कमळनी पदर डोळ्यांवर घेतला. सकुमावशी "आगं बय!" म्हणून उठून उभ्या राहिल्या. रामूभाऊ घामाघूम! त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली. आवाज वाढला, चित्र मात्र जाईना. शेवटी धावत जाऊन त्यांनी भिंतीतली पिनच उपटली.

पडदा काळा झाला. सकुमावशींना हसू येत होतं, पण रामूभाऊंचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"बिघडलाय वाटतं," रामूभाऊ म्हणाले.

बस्स, एवढं एकच वाक्य. पण वाचकहो, एक खोटं बोललं की त्याला सांभाळायला दुसरं लागतं! दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "कंपनीचा मानूस यायचाय." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पार्ट मागवलाय." मग तर दिवेलागणीला दारच लोटून घेऊ लागले. सकुमावशी अंगणापर्यंत येत, लोटलेलं दार बघत आणि परत जात.

तिकडून ओमकारचा फोन यायचा. "काय बाबा, टीव्ही कसा चाललाय?"

"एकदम फास्ट!"

कमळ बघत राहायच्या. फोन ठेवला की म्हणायच्या, "सांगा की त्याला खरं काय ते."

"काय सांगू? मला येत नाय म्हनून? अख्खा गाव मला इचारायला येतो, आन मी पोराला इचारू टीव्ही कसा लावायचा? लोक हसतील गो!"

दुपारी गावाचा डोळा चुकवून ते एकटेच रिमोट घेऊन बसत. पण हाती काही लागेना. एकदा म्हणे पैसे भरा, एकदा म्हणे हे दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आहे. अ‍ॅप म्हणजे चॅनल का? चॅनल असेल तर त्याला नंबर का नाही? नंबर नसेल तर जायचं कसं? केबलचा हिशेब कळत नव्हता म्हणून केबल तोडली, आणि आता तर साधा रस्ताही कळेना. मुरबाड बाजारात डोळे बांधून सोडल्यासारखी त्यांची गत झाली होती.

अशातच एका सकाळी सकुमावशींची भाची हिरी धापा टाकत आली.

"रामूमामा, मावशी पडली! पाय मोडलाय. मुरबाडच्या दवाखान्यात नेलीय."

"कुठं पडली? कशी?"

"काल सांजचं आमच्याकडून परत जाताना. ओढ्याच्या काठावर पाय सरकला. तुमचा टीव्ही बिघडलाय ना, म्हनून रोज आमच्या पाड्यावर यायची मालिका बघायला. मी बोलले व्हते, मावशे, अंधार पडतो, नको येऊस. ऐकते कुठं!"

हिरी बोलत होती, पण रामूभाऊंना पुढचं ऐकूच येत नव्हतं. ओढ्यापलीकडचा पाडा! वयोवृद्ध बाई, हातात काठी, अंधारातली निसरडी वाट! आणि हे सगळं कशापायी? आपल्या एका खोट्यापायी!

मिळेल त्या जीपने रामूभाऊ आणि कमळ मुरबाडला पोचले. सकुमावशी खाटेवर होत्या. पाय प्लास्टरमध्ये. चेहरा सुकलेला, पण डोळे तसेच मिश्कील.

"आलास काय रे? टीव्ही झाला का दुरुस्त?"

एक क्षण रामूभाऊंना वाटलं, आताही म्हणावं, होईल दोन दिवसांत. कुणाला कळणार होतं? पण त्या प्लास्टरकडे बघून त्यांना ते धाडस होईना.

"मावशी, टीव्ही बिघडलाच नव्हता! मला तो लावता येत नाय. लाज वाटली म्हनून तुझ्याशी खोटं बोललो."

शेजारच्या खाटेवरची माणसंही वळून बघू लागली. कमळनी डोळे पुसले. सकुमावशींचा आवाज आला, आणि त्यात मात्र राग होता.

"मला वाटलं, तुमाला माझा कंटाळा आला. दार लोटलेलं असायचं. मी मनात म्हनायची, सकू, तुझं काय चुकलं? तुझ्या अंगाला शेळ्यांचा वास येतो म्हनून तर नाय? पाय मोडला त्याचं काय नाय रे. हाड जुळंल. पन हे इतके दिवस डोक्यात घेऊन मी फिरले."

"मावशी, असं कधीच मनात—"

"गप ऐक. राशनच्या मशीनवर माझा अंगठा उठत नव्हता, तवा कोनाकडं आले? तुझ्याकडं. बँकेतला कागद कोनी वाचून दाखवला? तू. मला अक्षर येत नाय, मी उभा जन्म लोकांना इचारत आले. तुझ्यापुढं कधी लाज वाटली नाय. का? तू कधी हसला नायस म्हनून. मग तुला कसं वाटलं रे, मी हसंन? तुला नुसतं सांगायचं ठावं हाय, रामू. इचारायचं ठावं नाय. सांगनारा मोठा, आन इचारनारा ल्हान, असंच तू आतून मानत आलास. मग आमी सगळे ल्हानच की रे तुझ्या लेखी!"

शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने रामूभाऊंच्या मनातली गाठ नेमकी दाखवली. आपण कुणाला हसत नव्हतो हे खरं. पण विचारायला येणाऱ्याला आपण खालच्या पायरीवर धरत होतो, म्हणूनच तर त्या पायरीवर उतरायची आपल्याला भीती वाटली! त्यांनी मावशींचे पाय धरले, प्लास्टरचा आणि बिनप्लास्टरचा दोन्ही.

"आरं सोड, दुखतोय तो!" मावशी ओरडल्या, आणि मग हसल्या.

दवाखान्याच्या पडवीतूनच रामूभाऊंनी ओमकारला फोन लावला.

"ओमकार, मला टीव्ही लावता येत नाय. मी खोटं सांगत व्हतो. येऊन शिकव."

"अहो बाबा, सोपं आहे ते, नुसतं—"

कमळनी फोन हिसकावला. "सोपं, सोपं म्हनून तू निघून गेलास! ज्याला येतं त्याला सगळंच सोपं. तू चालायला शिकत व्हतास तवा सोपं हाय सांगून आमी निघून गेलो व्हतो काय रे?"

पलीकडून ओमकार हळूच म्हणाला, "येतो आई. रविवारी दोघंही येतो."

रविवारी ओमकार आणि निशिगंधा आले. तोवर सकुमावशींनाही रामूभाऊंनी स्वतःच्या घरी आणलं होतं. पाय बरा होईपर्यंत त्या इथंच राहणार होत्या, शेळ्या हिरीकडे. ओमकारने सवयीने रिमोट उचलला आणि त्याचा अंगठा पुन्हा टकाटक चालू झाला.

"रिमोट बाबांच्या हातात द्या," निशिगंधा म्हणाली. "आणि तुम्ही हात मागे बांधून बसा. तुम्ही कितीही वेळा दाबलंत तरी त्यांना येणार नाही."

ओमकार खरोखरच हात मागे बांधून बसला. रामूभाऊ चुकले, पुन्हा चुकले, बंदुकांमध्ये शिरले, बाहेर आले. कमळनी मनातले सगळे प्रश्न एकदाचे विचारून घेतले. पडद्यावरची भाषा मराठी झाली. चौथा चेहरा तयार झाला. त्याला नाव काय द्यायचं यावर वाद झाला आणि शेवटी 'ओटी' असं नाव ठरलं, कारण ओटीवर जो बसेल त्याचा तो. सकुमावशी चित्रांवरून शिकल्या. "तो निळा चौकोन, मग आडवा बान, मग मधलं," असं पुटपुटत त्यांनी मालिका लावलीसुद्धा. मंजिरीने मधल्या काळात सही करून टाकली होती! मावशींनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या.

ही गोष्ट गावात लपून राहिली नाही. रामूभाऊंनी ती लपवलीच नाही, भेटेल त्याला सांगितली. तेव्हा नवल घडलं! दुकानदार गणू बाजूला घेऊन कुजबुजला, "भाऊ, मीबी केबल काढून टाकली. तवापास्न नुसत्या जाहिराती बघतोय. बायकोला सांगतो, मला जाहिरातीच आवडतात." आणखी दोघातिघांनी तोंड उघडलं. जो तो आपापल्या घरात काळ्या पडद्यापुढे एकटाच लाजत बसला होता!

नवा टीव्ही स्वस्त पडला की महाग, हे मात्र रामूभाऊंना अजूनही नीट उमगलेलं नाही. मालिका एका अ‍ॅपात, कुस्त्या दुसऱ्यात, आणि दोघांचेही दर वाढू लागलेत. पण आता ते सरळ ओमकारला विचारतात आणि ओमकारही कधी कधी म्हणतो, "बाबा, हे मलाही माहीत नाही." मग दोघं मिळून शोधतात.

परवा ते मुरबाडला बँकेत गेले होते. तिथं पासबुक छापायचं नवं मशीन बसवलेलं. मागे भलीमोठी रांग. रामूभाऊंनी मशीनकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या मुलीकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाय, मला हे येत नाय. जरा सावकाश दाखव."

मागून कुणीतरी म्हातारा पुढे सरकला. "मला पन." मग आणखी एक बाई. मग तिच्यामागची.

वाचकहो, काळ बदलतोय. केबल जाईल, ओटीटी येईल, उद्या आणखी काही येईल. घरात नवी वस्तू आणणाऱ्या लेकरांनो, वस्तूसोबत तुमचा वेळही आणा. 'सोपं आहे' म्हणून पाठ फिरवू नका. आणि थोरामोठ्यांनो, न येण्यात कसलीही लाज नाही. आपल्याला येत नाही हे झाकण्यासाठी आपण जेव्हा दार लोटून घेतो, तेव्हा दाराबाहेर कुणीतरी उभं असतं. त्याला वाटतं, चुकलं ते आपलंच!