शेवटच्या कापणीची तारीख

मित्रांनो, मी एक जुना लॉनमोअर आहे आणि माझं वय कागदाच्या पट्टीने मोजतात. माझ्यात इंजिन नाही, वायर नाही. माणसाने दांडा धरून ढकललं की चाकं फिरतात, चाकांबरोबर पाच पिळदार पाती फिरतात. पात्यांखाली एक पोलादी पट्टी स्थिर बसवलेली आहे. पातं तिला जेमतेम शिवून जातं आणि मधे आलेलं गवत कात्रीत सापडल्यासारखं तुटतं. ही जागा नीट आहे की नाही ते पाहायला मधे वर्तमानपत्राची पट्टी धरतात. ती स्वच्छ कापली गेली तर मी धडधाकट. आज ती नुसती दुमडते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कानशीचा आवाज आठवतो, आणि एक कारागीर माझ्या पात्यावर अंगठा आडवा फिरवून म्हणाला होता, "हा मऊ गवताचा गडी आहे, रानात नेऊ नका." ते वाक्य मी जपून ठेवलं. पुढे ते माझ्या काही कामाला आलं नाही.

मला विकत घेणाऱ्या माणसाला आसपासचे लोक थर्मामीटरच्या पाऱ्यावरून पारेकाका म्हणायचे, कारण घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांचं हवामान-नोंदीचं ठाणं होतं. तीन गोष्टी तिथे होत्या. पाऊस मोजायचं भांडं, झडपांचं पांढरं कपाट आणि अगदी मध्यभागी, गवतात, दोन छोट्या बेचक्यांवर आडवा ठेवलेला एक काचेचा थर्मामीटर. कपाटातला थर्मामीटर हवेचं तापमान सांगायचा. गवतातला सांगायचा, रात्री गवताच्या टोकाशी किती थंडी पडली. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, आणि गवत हवेपेक्षाही गार होतं. दव कधी गोठणार, रोपं कधी करपणार, हे त्या आकड्यावरून कळतं.

पण तो आकडा खरा यायचा तर गवत वर्षभर एकाच उंचीचं हवं. बोटभर. जास्त नाही, कमी नाही. म्हणून मी. काका दर आठवड्याला थर्मामीटर उचलून मी राहतो त्या घराच्या मागच्या खोलीत, टेबलावर आडवा ठेवायचे, मग मला बाहेर काढायचे. "चल गड्या," म्हणायचे. पुढे अडकवलेल्या पत्र्याच्या पेटीत गवत साठायचं. काम झालं की ते वाकून थर्मामीटर पुन्हा बेचक्यांवर ठेवायचे, मला पुसायचे, आणि ओली पेटी उलटी करून तिच्या तळावर तेलखडूने त्या दिवसाची तारीख लिहायचे. आधीची रॉकेलच्या फडक्याने पुसायची, नवी लिहायची. म्हणजे पेटीखाली नेहमी एकच तारीख असे, शेवटच्या कापणीची.

एकतीस वर्षं ही नोंद चालली. एकही दिवस गाळला नाही. काकी गेल्या त्या दिवशीसुद्धा काका सकाळी आले, आकडे वाचले, माझ्या शेजारी उभं राहून नोंदवहीत लिहिले आणि मग माणसं जमली होती तिकडे गेले. एकदा तपासणीला आलेल्या हवामान खात्याच्या साहेबांनी बूट काढून गवतावर पाय ठेवला आणि म्हणाले, "काका, हे गवत आहे की गालिचा?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच, पण मला ते पुरलं. त्या तपासणीलाही आता सहा वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कापणी झाली होती. काका थर्मामीटर ठेवायला गुडघ्यांवर बसले आणि उठेनात. मी चार हात लांब उभा होतो. बराच वेळ ते तसेच बसून राहिले, मग रांगत माझ्यापर्यंत आले, माझा दांडा धरला आणि माझ्यावर सगळा भार टाकून उभे राहिले. माझी चाकं मातीत रुतली, पण मी हललो नाही. खोलीत येऊन त्यांनी स्टुलावर बसून तारीख लिहिली. तारीख, महिना, वर्ष, सगळं लिहिलं. मग पेटी सरळ करून मला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून मला दिसलं. काका कपाटापाशी गेले, तिथला आकडा उभ्यानेच वाचला. मग गवताच्या कडेला थांबले. आभाळाकडे पाहिलं, वारा पाहिला. आत येऊन वही उघडली, पेन काही वेळ वर धरलं, आणि गवताच्या रकान्यात आकडा लिहिला.

त्यानंतर मला कोणी बाहेर काढलं नाही. गवत घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, आडवं पडलं, त्याच्यावर नवं आलं. फोनवर काका लेकीला सांगायचे, "सगळं उत्तम चाललंय. हो, नोंद चालू आहे. एक दिवस गाळलेला नाही." मी कोपऱ्यातून ऐकायचो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

मग काका न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. लेक आली. ती दूरच्या शहरात प्रयोगशाळेत काम करते आणि कित्येक वर्षांत निवांत घरी आलेली नव्हती. आली तरी बसायची पुढच्या खोलीत, मागे फिरकायची नाही. ती आली त्याच आठवड्यात पत्र आलं की दहा दिवसांनी तपासणी आहे. नोंद नीट असेल तर ठाणं चालू राहील, नाहीतर बंद.

"चिमे, तेवढं गवत बघ," खाटेवरून काका म्हणाले. "बाकी वहीत सगळं आहे."

चिमी मागे आली आणि दारातच थांबली. "अगं आई गं," एवढंच म्हणाली. मग मला ओढून बाहेर काढलं. पहिल्या चार पावलांतच गवत माझ्यापुढे आडवं झालं, मी त्याच्यावरून नुसता घसरत गेलो. तिने जोर लावला. वाळकं गवत पात्यांना गुंडाळलं गेलं, काहीतरी कडक मधे आलं आणि माझं एक पातं वाकलं. कागद दुमडायला लागला तो त्या दिवसापासून.

तिने यंत्रांच्या दुकानदाराला बोलावलं. गलेलठ्ठ, बोलघेवडा माणूस. आल्या आल्या मला पाहून हसला.

"ताई, हे काय? दाढीच्या वस्तऱ्याने जंगल तोडायला निघालात?"

"घरात हाच होता."

"वस्तरा चांगलाय हो. दाढी वाढायच्या आधी चालवायचा असतो." माझ्या पात्यावर त्याने अंगठा आडवा फिरवला, त्या कारागिरासारखाच. "बिचाऱ्याचं वाटोळं केलंत."

"मग कुठला घेऊ, तेवढं सांगा ना."

"आधी गवत सांगा, मग यंत्र सांगतो. बोटभर, सपाट, दर आठवड्याला कापणार असाल तर हाच. ह्याच्यासारखी सफाई कुणाची नाही. पण असलं माजलेलं असेल तर इंजिनाचं, पंख्यासारखं आडवं पातं फिरतं ते. मागची चाकं मोठी बघून घ्या, उंचसखल जमिनीत अडत नाहीत. पातं सगळ्यात वर ठेवायचं. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही, नाहीतर गवत पिवळं पडून मरतं. मग हळूहळू खाली यायचं."

"मला दहा दिवसच आहेत हो."

"गवताला कुठे ठाऊक आहे ते?" तो पुन्हा हसला. "आणि इंजिनसुद्धा आज नाही. आज विळा घ्या, निम्म्यावर आणा, आणि खालची जमीन हाताने चाचपून घ्या. दगड, तार, काच काही असेल तर पातं गोळीसारखं उडवतं. आत काय काय पडलंय, माहीत आहे?"

"काही नाही. मधोमध एक थर्मामीटर आहे, पण तो बाबा रोज वाचतात."

"रोज?" दुकानदाराने मान उंच करून पाहिलं. "मग पायवाट कुठाय?"

तो सहज बोलला. चिमीने पाहिलं. घरापासून पांढऱ्या कपाटापर्यंत पायवाट होती, घट्ट, मळलेली. पावसाच्या भांड्याकडे होती. मध्यभागाकडे कुठलीच नव्हती. गवत तिथे अखंड उभं होतं.

"ताई? बरं वाटत नाही का?"

"नाही. उद्या यंत्र पाठवा," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने विळा घेतला आणि एकटीने कडेपासून आत कापत गेली. दुपार उलटून गेल्यावर ती मध्यभागी पोचली. गवताची मुळं बेचक्यांवर चढली होती. थर्मामीटर आत तसाच आडवा होता, शाबूत. त्या काचेच्या नळीत स्पिरिट असतं आणि स्पिरिटमध्ये एक बारीक काळी काडी. थंडी वाढली की स्पिरिट आकसतं आणि काडीला मागे ओढून नेतं, ऊब आली की काडी तिथेच राहते. रोज सकाळी आकडा वाचून नळी तिरकी करायची, म्हणजे काडी परत जागेवर येते. ही काडी साडेतीन अंशांवर होती. शेवटची तिरकी केल्यापासून गवताच्या त्या अंधारात साडेतीनच्या खाली तापमान कधी गेलंच नव्हतं. वहीत मात्र दोन हिवाळ्यांत नऊ वेळा शून्याखालचे आकडे होते.

ती खोलीत आली, वह्या काढून बसली. खोट्याची सुरुवात कुठे झाली ते शोधत होती. दीड तास पानं उलटत राहिली. खऱ्याखोट्याची शिवण कुठे आहे ते मला ठाऊक होतं, पण तिला ती दिसेना. काकांना आभाळ इतकं कळत होतं, की त्यांचे अंदाज खऱ्या आकड्यांत मिसळून गेले होते.

तेवढ्यात चाकांच्या खुर्चीची चाहूल लागली. काका स्वतःच ढकलत दारापर्यंत आले होते. चिमीच्या हातात थर्मामीटर पाहिला आणि पहिलं वाक्य निघालं ते हे:

"आडवा धर, आडवा. काडी सरकेल."

चिमीने तो टेबलावर आडवा ठेवला. मग विचारलं, "कधीपासून, बाबा?"

काकांनी हात लांब करून टेबलावरचा थर्मामीटर कडेपासून थोडा आत सरकवला.

"बाबा, तारीख सांगा फक्त. तेवढी सांगितलीत तर त्याच्या आधीचं सगळं वाचेल."

"एक दिवस वाकता आलं नाही," काका म्हणाले. "म्हटलं, आजच्यापुरतं. रकाना कोरा ठेवायला हात होईना गं. तीस वर्षं कोरा ठेवला नव्हता. मग दुसरा दिवस आला."

"पण कुठला दिवस?"

"दोन वर्षं झाली असतील. तीन असतील. नाही आठवत, चिमे. खरंच नाही आठवत."

मित्रांनो, तारीख तिच्यापासून दोन हातांवर होती. माझ्या पेटीच्या तळाशी, काकांच्या अक्षरात. पेटी फक्त उलटी करायची होती. चिमी उठली, माझा दांडा तिच्या वाटेत आला, तो तिने बाजूला सारला आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. काकांची नजर माझ्यावरून गेली. पण त्या दिवशी त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटत होती, की त्यांनी कशाकडेच नीट पाहिलं नाही.

तपासणीला बाई आल्या. चिमीने काही लपवलं नाही. थर्मामीटर दाखवला, वही दाखवली. बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि शांतपणे विचारलं, "शेवटचं कोणी डोळ्यांनी पाहिलंय, गवत बोटभर होतं म्हणून?"

"तुमचेच साहेब. सहा वर्षांपूर्वी."

"मग मला सहा वर्षांच्या सगळ्या नोंदींवर रेघ ओढावी लागेल."

"सहा?" काका खुर्चीत पुढे झुकले. "बाई, सहा नाही हो. त्यातली चार वर्षं मी रोज वाकून..."

"काका, कुठून खोटं ते तुम्हाला सांगता येत नसेल, तर कुठपर्यंत खरं तेही मला लिहिता येणार नाही." त्या कठोर नव्हत्या. त्यांनी पट्टी लावून लाल रेघ ओढली, आणि ओढताना काकांकडे पाहिलं नाही.

चार वर्षं, मित्रांनो. थंडीत, तापात, काकी गेल्यानंतरच्या एकटेपणात, रोज गुडघ्यांवर बसून वाचलेले आकडे. ते खरे होते. मी आणि ते गवत साक्षीला होतो, आणि दोघेही मुके.

ठाणं बंद झालं. महिन्याभरात खात्याची दोन माणसं आली आणि पांढरं कपाट घेऊन गेली. चिमीने इंजिनाच्या यंत्राने दर आठवड्याला थोडं थोडं खाली येत गवत बोटभरावर आणलं, दुकानदाराने सांगितलं अगदी तसं. आता ते पुन्हा गालिच्यासारखं दिसतं. पण काकांनी खुर्ची खिडकीकडे पाठ करून फिरवून घेतली आहे. ते गवताबद्दल विचारत नाहीत. मी कागद कापतो का, हेही विचारत नाहीत.

परवा भंगारवाला येणार आहे. चिमी त्याला फोनवर सांगत होती, "तो कोपऱ्यातला जुना मोअर पण न्या."

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस रोजच्या कामाच्या कडेला येऊन नुसतं उभं राहत असेल, तर त्याला "सगळं उत्तम ना?" असं विचारू नका. ते "हो" म्हणतं. जाऊन पायवाट बघा. आणि तुम्हाला स्वतःला एखाद्या दिवशी वाकता आलं नाही, तर त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवा. कोऱ्या रकान्याने एकच दिवस जातो.

आणि एवढं करा. जुनी वस्तू भंगारात देण्याआधी तिला एकदा उलटी करून बघा. माझी पेटी अजून मला सरळच अडकवलेली आहे.