गोरासाहेबाची इंग्रजी पहिली

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मध्ये खोळंबा नको. मी खेचर आहे आणि राजूर गावात इंग्रजी शिकवतो.

माझा जन्म नगरच्या लष्करी पागेतला. आई घोडी, बाप गाढव. बाप गाढव होता हे मी मोकळेपणानं सांगतो. पुष्कळांना ते सांगवत नाही. पागेतल्या इतर खेचरांना पंजाबी शिपाई मिळाले. माझ्या वाट्याला एक गोरा सार्जंट आला. लाल तोंडाचा, सदा पाईप ओढणारा आणि एका शब्दात भागत असेल तर दुसरा न खर्चणारा. तो ‘वॉक’ म्हणाला की चालायचं, ‘स्टॉप’ म्हणाला की थांबायचं, ‘बॅक’ म्हणाला की मागे सरायचं. हुकूम झाला की विचार करायचा नाही, पाय उचलायचा, एवढंच माझं शिक्षण. लढाईच्या साऱ्या वर्षांत मी एकदाही इंग्रजी हुकूम मोडला नाही. त्याचा मला फार गर्व होता.

लढाई संपली. सार्जंट विलायतेला निघाला, तेव्हा माझी मान थोपटत बराच वेळ उभा राहिला आणि पहिल्यांदाच एक लांबलचक वाक्य बोलला. ते मला कळलं नाही, कारण त्यात हुकूम नव्हता. मग माझा लिलाव झाला.

मला घेतलं राजूरच्या पीरमहंमदनं. राजूर हे डोंगरातलं बाजाराचं गाव. तिथून मीठ, गूळ, चहा असा माल वरच्या वाड्यांवर पोचवायचा, हा त्याचा धंदा. नगरहून त्यानं मला मालाच्या बैलगाडीमागे बांधून आणलं. गाडी चालली की मी चाले, थांबली की थांबे. “लई गरीब जनावर गावलं,” असं तो वाटभर गाडीवानाला सांगत होता.

बाजाराच्या दिवशी त्यानं माझ्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादल्या आणि म्हणाला, “चल.”

मी उभा.

“चल की रं! हाल! आरं, पाय उचल की बाबा!”

मी उभाच. खोटं कशाला सांगू, हा माणूस माझ्याशी बोलतोय हेच मला कळलं नाही. मला वाटलं, काही हरवलं असेल आणि स्वतःशीच पुटपुटत असेल. सार्जंटही पाईप सापडेना झाला की असंच करी.

बघता बघता बाजार गोळा झाला. फुकटचा सल्ला द्यायला आपल्याकडे कोण मागे राहतो? कुणी म्हणालं पाणी दाखवा, कुणी म्हणालं मालक दाखवा. पीरमहंमदची बायको हाजराबी धावत आली. जनावराला नजर लागली म्हणून तिनं माझ्यावरून मीठ ओवाळलं. पाठीवर दोन गोण्या मीठ असताना आणखी मूठभर मीठ! शेवटी किराणा दुकानाच्या फळीवर बसलेला आसाराम म्हणाला, “आरं, पलटनीतलं हाय ते. त्येला इंग्रजी लागत आसंल. मास्तरला बोलवा.”

त्या वर्षी गावात इंग्रजी पहिलीचा वर्ग नवा नवा निघाला होता. तो चालवायचे राधाकृष्ण मास्तर. मास्तरांना इंग्रजी व्याकरण मुखोद्गत होतं. पण उभ्या जन्मात ते कुणाशी इंग्रजीत बोलले नव्हते, कारण बोलायला कुणी भेटलाच नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि मला म्हणाले, “ओ म्यूल, काइंडली प्रोसीड टुवर्ड्स युवर डेस्टिनेशन.”

मला वाटलं रविवारची प्रार्थना आहे. मी मान खाली घातली.

“ऐकलं बरं का त्यानं!” गर्दीतून आवाज आला. पण पाय काही हलला नाही.

मास्तरांमागे त्यांचा वर्गही शाळा सोडून आला होता. मास्तर म्हणाले, “पोरांनो, धड्यातली क्रियापदं म्हणा पाहू एकेकानं.” ही पोरं वर्गात एका सुरात म्हणायची तेव्हा कौलं हलायची; पण एकट्यानं म्हणायची वेळ आली आणि सगळ्यांची वाचा बसली. एकजण ‘रन’ असं आपल्या सदऱ्याला म्हणाला. एकानं ‘ईट’ म्हटलं, ते मला आवडलं, पण पुढे कुणी काही ठेवलं नाही. शेवटी पाळी आली जरीनाची. ही पीरमहंमदची लेक, वर्गात ती एकटीच मुलगी. एरवी मास्तरांनी काही विचारलं की ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसे. पण आज बापाचा धंदा अडला होता. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि ठणकावून म्हणाली, “वॉक!”

अहाहा! कितीतरी दिवसांनी कुणी तरी माझ्याशी बोललं होतं. मी निघालो. लोकांनी टाळ्या पिटल्या.

मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की आता याला थांबवायचं कसं? मला वळायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सरळ गेलो. सरळ वाटेत झुंबरबाईचा लाल मिरचीचा ढीग होता. मी त्यातूनही सरळच गेलो. सगळा बाजार शिंकू लागला. झुंबरबाई शिंकत शिव्या देत होती, म्हणून तिची एकही शिवी पुरी होत नव्हती. “मास्तर, थांबवा ह्येला!” लोक ओरडले. मास्तर शिंकत पुस्तकाची पानं उलटत होते. अखेर तेही जरीनालाच आठवलं. “स्टॉप!” मी जागच्या जागी थांबलो.

त्या दिवसापासून गावानं माझं नाव गोरासाहेब ठेवलं. रंगानं मी काळाकुट्ट आहे, पण गावानं एकदा नाव ठेवलं की रंग कोण बघतो?

संध्याकाळी मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. छडी मोडेपर्यंत मारूनही ज्या पोरीनं तोंड उघडलं नाही, ती आज भर बाजारात इंग्रजी बोलली, याचं त्यांना नवल वाटत होतं. माझ्या मते त्यात नवल नव्हतं. मी हसत नाही, मारत नाही आणि मी ऐकलं की ते समोर दिसतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्ग शाळेतून उचलला आणि माझ्या गोठ्यापुढच्या उंबराखाली आणला. छडी त्यांनी हाजराबीला चुलीत घालायला दिली.

मग काय मौज सुरू झाली! पोरं ‘वॉक’ म्हणाली की मी चाले आणि पोरंही माझ्याबरोबर चालत. दोन दिवसांनी पोरांतलाच एक खेचर होई, पाठीवर दप्तर घेई, आणि बाकीचे त्याला हुकूम सोडत. खेचर व्हायला तर भांडणं लागत. मास्तर टोपी माझ्या पाठीवर ठेवून विचारत, “व्हेअर इज माय कॅप?” पोरं ओरडत, “ऑन!” मग टोपी पोटाखाली जाई, “अंडर!” हे सगळे शब्द रोज शिकवले गेले. ‘बिहाइंड’ मात्र एकदाच शिकवला. त्या दिवशी गोरक्ष नावाचा पोरगा माझ्यामागे उभा होता. त्याला तो शब्द जन्मात विसरायचा नाही.

बोलताना चूक झाली तरी मी पाय उचलत असे. “यू वॉक इज” म्हटलं तरी चालत असे आणि “वॉक यू डिड” म्हटलं तरी चालत असे. तोंडातल्या तोंडात बोललेलं मात्र मी ऐकत नसे. मग त्या पोराला पुन्हा, मोठ्यानं, छाती काढून म्हणावं लागे. मास्तरही माझ्या संगतीनं पुष्कळ सुधारले. त्यांची वाक्यं आखूड झाली. हाजराबी तर भाकरी थापता थापता इंग्रजी उचलू लागली आणि ती पीरमहंमदवर वापरू लागली. “मास्तर, तुमी माझ्या घरात काय पेरून ठिवलं?” तो तक्रार करी. “जेवताना ‘ईट’ म्हनती आन तिसरी भाकर घेतली की ‘स्टॉप’ म्हनती!”

आता जरा जवळ या, एक गोष्ट कानात सांगतो. दिवाळीपर्यंत मला मराठी कळायला लागली होती.

त्यात अवघड ते काय? चल, थांब, सर, मेल्या, मुडद्या. पण मी जर मराठीत चालू लागलो असतो, तर माझ्याशी इंग्रजीत बोलायची कुणाला काय पडली होती? म्हणून मी दगड होऊन राहिलो. सोपं नव्हतं ते. एकदा थंडीत डोंगराच्या वाटेवर पीरमहंमदला ताप भरला. त्याला ‘वॉक’ही आठवेना. मराठीतच हलक्या आवाजात म्हणाला, “चल रं लेकरा, घरी जाऊ.” मी गोमाशी चावल्यासारखी शेपूट झटकली, अंग थरथरवलं आणि तसाच चालू लागलो.

स्वातंत्र्य आलं. इंग्रज गेले, तेव्हा काहींनी माझ्याकडेही संशयानं पाहिलं. पण खरं संकट पुढे थंडीत आलं. वर्ग बघायला शाळा तपासणारे सरकारी दिपोटीसाहेब येणार, अशी खबर लागली. मान्यता नसल्यानं पोरं अजून पहिलीतच होती; साहेबांना वर्ग पसंत पडला तर मान्यता, नाही तर वर्ग बंद. पोरगे संगमनेरला जाऊन शिकले असते. जरीनाचं काय?

पीरमहंमदनं गोठ्यातच तिला सांगितलं, “बेटा, हितं वर्ग ऱ्हायला तर खुशाल शीक, मी आडवा येनार न्हाई. पन संगमनेरला मी पोरीला एकटी धाडायचो न्हाई.”

“मंग मी काय करायचं, अब्बा?”

“घरी बसायचं, दुसरं काय?”

तो गेल्यावर ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. मी लष्करातला गडी, पण त्या दिवशी माझ्यानं कडबा गिळवला नाही.

दिपोटीसाहेब आले. अंगात कोट, डोक्यावर टोप, हातात छत्री, थंडीतसुद्धा. सरकारी कामात मराठी बोलणं त्यांना हलकं वाटे. वर्ग त्या दिवशी शाळेत भरवला होता, कारण दिपोटींना गोठ्यापुढे कसं बसवायचं? पोरांना धीर म्हणून मला तेवढं शाळेच्या अंगणात बांधलं होतं. खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

दिपोटींनी गोरक्षला विचारलं, “व्हॉट इज युवर नेम?” गोरक्ष गप्प. दुसऱ्याला विचारलं, तो गप्प. जरीनाला विचारलं. तिचा अंगठा जमीन उकरू लागला.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचं सगळ्यांचं एकच चुकलं होतं! या पोरांनी आजवर फक्त खेचराशी इंग्रजी केली होती. माणसाशी इंग्रजीत बोलायची त्यांना सवयच नव्हती.

मास्तरांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली. दिपोटी मान हलवत बाहेर अंगणात आले, खुर्चीवर बसले, शेरा लिहायला त्यांनी पेनाचं टोपण काढलं. खुर्ची माझ्या पुढ्यातच होती. मी पुढचा पाय उचलला आणि त्यांच्या बुटावर ठेवला. जोर दिला नाही, पण काढलाही नाही.

“बॅक!” दिपोटी किंचाळले. “गो बॅक, यू ब्रूट! बॅक!”

अस्सल इंग्रजी हुकूम! माझे कान ताठ झाले. पाय आपसूक वर यायला लागला. लहानपणापासूनची सवय ती. सार्जंट डोळ्यांसमोर उभा राहिला. मी डोळे मिटले आणि पाय पुन्हा खाली दाबला. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी हुकूम मोडला.

पीरमहंमद काठी घेऊन धावला, मास्तर मध्ये पडले, दिपोटी खुर्चीतून उठून पाय ओढत ओरडत राहिले. आणि या गोंधळात जरीना पुढे आली. समोर साहेब आहे हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

“यू डोंट पुल!” ती दिपोटींना म्हणाली. “यू शाउट, ही अँग्री. यू सिट! क्वाएट!”

दिपोटी मुकाट्यानं बसले.

मग ती माझ्याकडे वळली. “बॅक, गोरासाहेब. बॅक. गुड बॉय.” मी पाय उचलला आणि मागे सरलो.

“युवर फूट इज गुड?” तिनं दिपोटींना विचारलं.

“यस. थँक यू,” दिपोटी म्हणाले.

“यू वाँट वॉटर?”

“यस, प्लीज.”

तिनं पाणी आणून दिलं. ते पीत असताना ती समोर उभी राहिली, मान वर करून. “यू आस्क माय नेम. आय नॉट टेल. नाऊ आय टेल. माय नेम इज जरीना. आय वाँट स्कूल.”

मग मागून गोरक्षचा आवाज आला, “माय नेम इज गोरक्ष. सर, डोंट गो बिहाइंड!” आणि धरण फुटल्यासारखी सगळी पोरं बोलायला लागली. एकानं तर उत्साहाच्या भरात दिपोटींचा टोप उचलून “अंडर!” म्हणत खुर्चीखाली ठेवला.

दिपोटींनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. उठताना ते चक्क मराठीत म्हणाले, “मास्तर, वर्ग चालू राहील. फक्त पुढच्या खेपेला जरा लांब बांधा.” मास्तर दचकले. दिपोटी माझ्याबद्दल बोलतायत, हे त्यांना थोड्या वेळानं कळलं.

संध्याकाळी जरीना गूळ घेऊन गोठ्यात आली. मी गूळ खाल्ला. ती इकडे तिकडे बघत माझ्या कानाशी लागली आणि मराठीत म्हणाली, “तुला समदं समजतं ना रं?”

मी भिंतीकडे बघू लागलो.

“अब्बाला ताप आल्ता, त्यानं घरी येऊन सांगितलं, तवाच मी वळखलं. गोमाशी म्हनं! थंडीत कुठनं आल्या गोमाशा?” ती हसली. “आसू दे. बोलू नगंस. अजून दुसरी हाय, तिसरी हाय.”

आता ती तिसरीत आहे. माझे दात झिजले, पीरमहंमद माझ्यावर ओझं लादत नाही. पण सकाळी उंबराखाली पहिलीची नवी पोरं जमली की मला बाहेर आणतो. त्यांत दोन मुली आहेत. त्या अजून सदऱ्यात पुटपुटतात, आणि मी दगडासारखा उभा राहतो.

तेव्हा वाचकहो, एवढी एक विनंती ऐका. कधी राजूरच्या बाजाराला आलात आणि मी दिसलो, तर थोपटा, गूळ द्या, वाटल्यास हसासुद्धा. पण माझी ही सगळी कहाणी तुम्ही मराठीत ऐकली आहे, हे त्या पोरींच्या कानावर घालू नका.